भांड्याला भांडं : बिअरसाठी मोठं पातेलं, तेही परवडणारं

प्रश्न : काका नमस्कार, मी मूळचा राजारामपुरीचा, नोकरीला इंग्लंडात लीड्सला असतो. तिकडं घरी बिअर करायचा छंद लागलाय, आतापर्यंत मित्राच्या भांड्यात करत होतो, आता स्वतःचं पाहिजे. तिकडं चांगलं मोठं भांडं बघायला गेलो की किंमत ऐकून परत यावं लागतं. सध्या सुट्टीवर कोल्हापुरात आलोय तर इथनंच एखादं न्यावं असा विचार आहे. मला एका वेळी 23 लिटर बिअर करायची असते. किती लिटरचं घेऊ, अ‍ॅल्युमिनियम का स्टील, आणि तोटी लावून घेऊ का नको? बजेट कमी आहे हे आधीच सांगतो.

उत्तर : बजेट कमी आहे हे आधी सांगितलंत ते बरं झालं, त्यामुळं सरळ सांगतो. मापात काटकसर करू नका, बाकी सगळ्यात करा. चकाकी नको, काचेचं झाकण नको, बाहेरून बसवलेला थर्मामीटर नको, कंपनीचं नाव तर नकोच नको. पण लिटर कमी पडले तर त्याला नंतर काही उपाय नाही, दुसरं भांडंच घ्यावं लागतं आणि मग स्वस्तातलं पहिलं भांडं लई महागात पडतं.

आता किती लिटर ते बघू. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, त्याला माल्ट म्हणतात, ते भरडून साधारण 65 ते 68 अंश गरम पाण्यात तासभर भिजवायचं, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. मग चोथा काढून ते गोड पाणी, त्याला वॉर्ट म्हणतात, हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वाळवलेली फुलं, घालून तासभर खळखळ उकळायचं, गार करायचं आणि दुसऱ्या भांड्यात ओतून यीस्ट घालायचं. म्हणजे ज्या भांड्याचा प्रश्न आहे ते उकळण्याचं भांडं, आंबवण्याचं नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढं अ‍ॅल्युमिनियमच्या वेळी कामाला येतो.

तुम्हाला शेवटी 23 लिटर पाहिजे. तिकडच्या जुन्या 5 गॅलनच्या मापातनं हा आकडा आलाय, ब्रिटिश गॅलन मोठा असतो, 4.5 लिटरच्या वर. आता उलटं मोजत जावा. तळाला हॉप्सचा आणि प्रोटीनचा गाळ बसतो तो ओतायचा नसतो, त्यात दीड-दोन लिटर जातं. उकळतं पाणी गार झालं की आकारमान साधारण 4 टक्क्यांनी कमी होतं, तो एक लिटर. तासाभराच्या उकळीत वाफ होऊन 3 ते 4 लिटर उडतं, भांडं रुंद असेल तर त्याहून जास्त. म्हणजे उकळायला सुरुवात करताना तुमच्या भांड्यात 29-30 लिटर असायला पाहिजे, आणि हे पाणी काठापर्यंत नाही चालत.

का नाही चालत ते माझ्या भाच्याच्या गॅरेजमध्ये मी उभं राहून बघितलंय. तोही तिकडंच असतो. वॉर्ट उकळीला आलं की आधी वर तपकिरी फेसाचा जाड थर धरतो, मिनिटभर काहीच होत नाही, शांत दिसतं, आणि मग तो अख्खा थर एकदम वर उचलतो, दुधासारखा नाही, त्याच्यापेक्षा जड आणि चिकट, आणि एकदा काठावरून खाली आला की शेगडी, फरशी सगळं साखरेनं माखतं. भाचा हातात पाण्याचा फवारा घेऊनच उभा असतो, फेस उचलला की आच कमी करायची आणि वरून थंड पाणी मारायचं. ही गडबड सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांचीच असते, प्रोटीनच्या गुठळ्या होऊन खाली बसल्या की फेस आपोआप मोडतो, पण तेवढ्यासाठी भांड्यात वर सात-आठ लिटरची मोकळी जागा लागतेच.

तुम्ही माल्ट वेगळ्या भांड्यात भिजवत असाल तर 36 ते 40 लिटर. आणि तिकडं बरेच जण एकाच भांड्यात कापडी पिशवीत माल्ट घालून भिजवतात तसं करत असाल तर हिशोब अजून वाढतो. 5 किलो माल्ट साधारण 3 लिटर पाणी पिऊन बसतं, म्हणजे सुरुवातीला 32 लिटर पाणी, शिवाय माल्टची स्वतःची जागा साडेतीन लिटरच्या आसपास, झाले साडेपस्तीस. तिथं 40 च्या खाली जाऊच नका.

दुकानात लिटर विचारू नका, टेप घेऊन जावा. बरेच दुकानदार काठोकाठ भरलेलं माप सांगतात, काही जण अंदाजानं सांगतात. आतला व्यास आणि आतली उंची मोजा, व्यासाच्या निम्म्याचा वर्ग गुणिले 3.14 गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, आणि आलेल्या उत्तराला 1000 नं भागा की लिटर. 36 सेंमी रुंद आणि 36 उंच म्हणजे 36.6 लिटर. 36 रुंद आणि 40 उंच म्हणजे 40.7. इंचात सांगायचं तर 14 रुंद आणि 16 उंच बघा, ते 40 लिटरला बरोबर बसतं. 12 इंच बाय 12 इंच दिसायला लई मोठं वाटतं पण ते जेमतेम 22 लिटर असतं, तिथं बरेच जण फसतात.

आता आकार. आपल्याकडं मोठं पातेलं म्हटलं की रुंद आणि बुटकं, कारण आपल्याला भात हलवायचा असतो, रस्सा ढवळायचा असतो. बिअरला उलटं लागतं, उंची रुंदीएवढी किंवा थोडी जास्त. आपल्या गुऱ्हाळावरची काहील बघा, ती मुद्दाम उथळ आणि पसरट असते कारण तिथं पाणी उडवायचंच असतं, रस आटवून गूळ करायचाय. बिअरला तासात तीन-चार लिटरच्या वर उडायला नको असतं, नाहीतर मापही चुकतं आणि वॉर्ट जास्त घट्ट होतं. त्यामुळं दुकानात गेल्यावर टोप किंवा पातेलं मागू नका, उभा डबा किंवा स्टॉक पॉट मागा, हॉटेलवाल्यांना लागणारं सामान जिथं मिळतं तिथं हमखास असतो.

अ‍ॅल्युमिनियम का स्टील, तर कमी बजेट आणि गॅसची शेगडी असेल तर जाड अ‍ॅल्युमिनियम, डोळे झाकून. स्टीलपेक्षा दहापटीनं जास्त उष्णता पसरवतं, त्यामुळं तळाला एका जागी करपत नाही, आणि वजनाला हलकं. 40 लिटरचा 3 मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा साधारण साडेचार किलो भरतो आणि तेवढ्याच वजनात स्टीलचा फक्त 1 मिलिमीटरचा पत्रा येतो. पातळ स्टीलला बर्नरच्या बरोबर वर गोल डाग पडतो आणि वॉर्टमधली साखर तिथंच चिकटून जळते, तो जळका वास पुढं बिअरमधनं काही केल्या जात नाही. माल्टचा तयार पाक वापरत असाल तर हे जास्तच, तो ओतताना आच पूर्ण बंद करायची, नीट विरघळला की परत लावायची.

पण एक गोष्ट आधी बघा. तुमच्या लीड्सच्या घरात शेगडी कसली आहे? इंडक्शन असेल तर नुसतं अ‍ॅल्युमिनियम त्यावर तापतच नाही, विषय संपला. मग स्टीलच, आणि तेही तळाला चुंबक चिकटणारं. शिवाय घरातल्या इंडक्शनच्या काचेवर 35 किलो वजन ठेवायच्या आधी त्याच्या माहितीपत्रकात किती झेपतं ते वाचा. तिकडं बरेच जण भांड्यातच विजेचा हीटर बसवतात, तो पर्याय तुमच्यासाठी चांगला आहे कारण तिकडच्या साध्या प्लगवर 3 किलोवॅटपर्यंत चालतं. हिवाळ्यात नळाचं पाणी 10 अंशावर असतं, तिथनं 28 लिटर उकळीला आणायला साधारण 3 युनिट वीज लागते, म्हणजे एक तास धरा, थोडं वर. हीटर बसवणार असाल तर मात्र पिशवी त्याला टेकू देऊ नका, मध्ये एक स्टीलची जाळी ठेवा.

तोटी लावा. ह्यात पैसे वाचवू नका असं मी म्हणीन कारण 30 लिटर उकळतं साखरेचं पाणी म्हणजे भांड्यासकट 35 किलोच्या वर, ते एकट्यानं उचलून ओतायला जाणं म्हणजे पाय भाजून घेणं. तोटी नसेलच तर सायफनच्या नळीनं काढा, पण गार झाल्यावर. उचलायचं नाही म्हणजे नाही. त्याच कारणानं कान बघून घ्या, झुलत्या कड्या नकोत, त्या गरम भांड्याला टेकून तापतात आणि ऐनवेळी हातात फिरतात. घट्ट बसवलेले, रिव्हेट मारलेले रुंद कान पाहिजेत, दोन्ही हातांची चार-चार बोटं कापडासकट आत गेली पाहिजेत, दुकानात घालून बघा.

न्यायचं कसं हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. विमान कंपन्यांचं सामानाचं नेहमीचं माप लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंमी आणि वजन 23 किलो असतं, तरी तुमच्या तिकिटावर काय आहे ते बघा. 36 बाय 40 चा डबा खोक्यात घातला तरी त्यात आरामात बसतो, आणि डबा रिकामा न्यायची गरजच नाही, आत कपडे भरा, मधोमध आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी पिशवीवर पिशवी बांधून. फक्त तोटी काढून वेगळी ठेवा, ती वाकली तर भोक फाकतं.

प्रश्न : काका, वरच्या दादांसारखाच माझा भाऊ अमेरिकेत घरी बिअर करतो. त्यानं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घेतलंय आणि वहिनी म्हणतात त्यानं विसरण्याचा आजार होतो, ते फेकून द्या. खरं काय? – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : वहिनींची काळजी खोटी नाही, हे बोललं गेलंय आणि अजून बोललं जातं. पण अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवल्यानं तो आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. अ‍ॅल्युमिनियम थोडं अन्नात उतरतं हे मात्र खरं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना ह्यांच्या तज्ज्ञ समितीनं 2011 मध्ये मर्यादा घातली ती आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागं 2 मिलिग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 140. चिंचेचं सार किंवा टोमॅटोचं सार रात्रभर अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवलं तर जास्त उतरतं. वॉर्ट तेवढं आंबट नसतं, आणि त्या भांड्यात असतं ते दोन-तीन तास. आंबवणं त्यात करायचंच नाही, तिथं आंबटपणाही वाढतो आणि दिवसही जास्त जातात.

भावाला एवढं सांगा. नवं भांडं आधी आतून धुऊन, पाणी काठाच्या थोडं खाली भरून अर्धा ते एक तास उकळायचं. आतली चमक जाऊन करडा-काळपट रंग येतो. हा रंग म्हणजे ऑक्साइडचा थर आणि तोच धातू आणि वॉर्टच्या मध्ये उभा असतो. आपल्याकडं काय होतं, भांडं काळं दिसलं की चिंच-मीठ किंवा लिंबू लावून, तारेच्या घासणीनं लख्ख करायचं, आया-बायकांना तेच बरं वाटतं. ह्या भांड्याला तसलं काहीही लावू नका. धुण्याचा सोडा नको, तिकडं बिअरच्या भांड्यांना वापरतात ती ऑक्सिजनवाली पावडरही नको, ती स्टीलला उत्तम आहे पण अ‍ॅल्युमिनियमला खाते. मऊ स्पंज, साधा साबण, भरपूर पाणी आणि उलटं टाकून वाळवणं, बास.

प्रश्न : माझ्या आजीचा पितळेचा हंडा आहे, जवळजवळ 30 लिटरचा, कल्हई केलेला. माझी मुलगी जर्मनीत आहे आणि जावई घरी बिअर करतात. एवढं चांगलं भांडं माळ्यावर पडून आहे, तो पाठवू का? – मंगळवार पेठ

उत्तर : ताई, पाठवू नका, बिअरसाठी तरी नाही. तांब्याचा आणि बिअरचा संबंध जुना आहे, युरोपातल्या जुन्या ब्रुअरींत उकळायची भांडी तांब्याचीच असायची, त्यामुळं जावयांना आनंद होईल हे खरं. पण हा हंडा पितळेचा आहे. पितळेत शिसं असू शकतं, जुन्या सांध्यांत डाग दिलेला असतो त्यातही शिसं असू शकतं, आणि कल्हई कुठं झिजलीय ते आत नीट दिसत नाही. कल्हईचं कथील 232 अंशाला वितळतं, पाणी असेपर्यंत काही होत नाही पण मोठ्या बर्नरवर भांडं चुकून कोरडं राहिलं तर ती गेलीच. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी हंड्याचा गळा अरुंद असतो. पिशवी बाहेर निघणार नाही, फेस गळ्यात येऊन कारंजासारखा उडेल, आतून हात घालून धुता येणार नाही. कल्हई करून घरातच ठेवा, कार्यक्रमाला पाणी भरायला त्याच्यासारखं भांडं नाही.

प्रश्न : काका मी शिवाजी उद्यमनगरात छोटं फॅब्रिकेशनचं काम करतो. एका गिऱ्हाईकानं असलंच बिअरचं भांडं बनवून मागितलंय, परदेशात न्यायला. आम्ही दुधाचे कॅन, हॉटेलचे काउंटर हे केलंय पण हे पहिल्यांदाच हाय. पत्रा कुठला घेऊ, तोटी कुठं बसवू, वेल्डिंग करू का नुसतं नट मारू? गिऱ्हाईक म्हणतंय स्वस्तात बसव.

उत्तर : भावा, हा प्रश्न लई आवडला, कारण उद्यमनगरात होण्यासारखंच हे काम आहे आणि नीट केलं तर तिकडच्या दुकानातल्यापेक्षा चांगलं होईल.

पत्रा 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घे. 202 ग्रेड स्वस्त पडतो म्हणून कुणी गळ घालेल, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. भांडी 202 ची ढीगभर विकली जातात आणि चालतातही, पण जिथं तू भोक पाडणार, वेल्ड करणार, तिथं गंज आधी धरतो. आणि चुंबक लावून 304 आहे का 202 हे कळत नाही, दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, बाजारात अजून लोक चुंबक घेऊन फिरतात आणि फसतात. चुंबक चिकटतो तो 430 सारख्या जातीला, इंडक्शनवाल्या भांड्याच्या तळाला तोच असतो. पत्रा घेताना बिलावर ग्रेड लिहून घे, आणि तपासणीचं औषध मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा, ते करून घे.

जाडी बाजूला 1 मिलिमीटर पुरे, तळाला जेवढी परवडेल तेवढी जास्त. गिऱ्हाईकाला विचार गॅसवर ठेवणार का आतनं हीटर. हीटर असेल तर तळ जाड करायची काही गरज नाही, तिथं पैसे वाचव. गॅस असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तयार, मधे अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या तळाचा स्टॉक पॉट विकत आणायचा आणि तू फक्त तोटीचं काम करायचं. अख्खं भांडं वाकवून, जोडून, पॉलिश करून तुझी मजुरी धरली तर ते गिऱ्हाईकाला तयार भांड्यापेक्षा महाग पडेल, हे त्याला स्पष्ट सांग, तो तुझ्याकडंच परत येईल.

तोटी अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह. आटे अर्ध्या इंचाचे म्हटले तरी बाहेरचा व्यास 21 मिलिमीटरला टेकतो, म्हणून भोक 21 चं. साध्या ड्रिल बिटनं एवढं मोठं भोक पाडायला जाऊ नकोस, पत्रा फाटतो आणि भोक तिकोनी होतं. आधी छोटं पायलट भोक, मग पायरी असलेलं स्टेप ड्रिल, हळू वेगानं, थेंब थेंब तेल सोडत, आतल्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरून. 304 जोरात फिरवलं की तापून कडक होतं आणि मग बिट नुसतं घासत बसतं. भोकाची कड दोन्ही बाजूंनी कानशीनं साफ कर, बोट फिरवून बघ, जरा जरी टोचलं तरी तिथं वॉशर कापला जाणार.

उंची ही खरी मेख आहे. नवखे लोक तोटी अगदी तळाला लावतात की सगळं पाणी निघावं म्हणून, आणि मग सगळा गाळ तिथनंच जातो आणि तोटी तुंबते. भोकाचा मध्य तळापासून साधारण दोन ते अडीच सेंमीवर ठेव. तळाला वाक दिलेला असतो त्या गोलाईवर भोक येता कामा नये, वॉशर सपाट बसत नाही आणि गळतं. आतनं एक वाकडी नळी भांड्याच्या कडेकडं तोंड करून दिली तर अजून चांगलं, कारण ढवळून भोवरा केला की गाळ मध्यभागी गोळा होतो आणि कडेनं स्वच्छ वॉर्ट येतं.

वेल्डिंग का नट, तर ह्या गिऱ्हाईकाला नटच. त्याला विमानात न्यायचंय, तोटी काढून ठेवता आली पाहिजे. सिलिकॉनचा वॉशर, फूड ग्रेड, बाहेरच्या बाजूला, आत स्टीलचा नट, आट्यांना टेफ्लॉन टेप. साधा काळा रबरी वॉशर घालू नकोस, उकळत्या पाण्यात त्याचा वास उतरतो. तोटीही स्टीलचीच, आणि जमल्यास तीन भागांत उघडणारी, कारण आतल्या गोळ्याच्या मागं साखर साचून कुजते आणि बिअर नासते ती बहुतेक तिथनंच. वेल्डच करायचं झालं कुणाला तर आर्गन वायू वापरूनच, आतल्या बाजूनंही आर्गन सोडून, नाहीतर आत काळी साखरेसारखी खरखर तयार होते आणि ती कधीच स्वच्छ होत नाही. नंतर पिकलिंग पेस्ट लावून रंग काढायचा, ती पेस्ट जहाल असते, हातमोजे आणि चष्मा घालूनच.

आणि एक काम फुकटात करून दे. वजनकाट्यावर 1 किलो पाणी म्हणजे 1 लिटर, असं मोजून मोजून पाणी घाल आणि एका स्टीलच्या पट्टीवर 5, 10, 15 अशा खुणा कर, 20 च्या पुढं दर लिटरला. भांड्यात उभी धरली की माप कळतं. ह्या छंदात सगळ्यात जास्त गोंधळ मापाचाच होतो आणि ह्या पट्टीला तिकडं वेगळे पैसे मोजावे लागतात.

प्रश्न : 40 लिटरचं परवडतच नाही, घरात 20 लिटरचं जाड भांडं आहे. बहिणीचा मुलगा ऑस्ट्रेलियात शिकतो, त्याला तेवढ्यात भागेल का?

उत्तर : भागतं की. एक म्हणजे अर्धी बिअर करायची, 10-11 लिटर, त्याला 20 चं भांडं उत्तम आणि शिकणाऱ्या पोराला तेवढी पुरे. दुसरं म्हणजे माल्टचा तयार पाक घेऊन 13-14 लिटर उकळायचं आणि आंबवायच्या भांड्यात उकळून गार केलेलं पाणी घालून 20 करायचं. ह्यात वॉर्ट घट्ट असतं म्हणून हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो, हॉप्स थोडे वाढवायचे. तिसरा मार्ग, अजून एक 20 चं भांडं कुणाकडनं तरी आणून दोन शेगड्यांवर अर्धं अर्धं. काम दुप्पट पण पैसे शून्य. जुना बिअरचा केग, म्हणजे बिअर भरायचं स्टीलचं पिंप, कापून भांडं करतात तेही कुणीतरी सुचवेल, जाड स्टील, 50 लिटर, सगळं खरं, पण ते केग बहुतेक वेळा ब्रुअरीच्या मालकीचे असतात, रिकामा दिसला म्हणून आणायचा नसतो. ब्रुअरीकडनं रीतसर विकत मिळत असेल तरच.

प्रश्न : ह्याच भांड्यात पाहुणे आल्यावर मटणाचा रस्सा केला तर?

उत्तर : स्टील असेल आणि नीट धुणार असाल तर भांड्याला काही होत नाही, बिअरला होतं. तेला-तुपाचा पातळ थर जरी राहिला तरी बिअरवरचा फेस टिकत नाही. आणि आपल्या तांबड्या रश्शाचा वास सिलिकॉनच्या वॉशरमध्ये, तोटीत जो बसतो तो बसतोच. रश्शाला मंडपवाल्याकडनं भाड्यानं डेग आणा. हे भांडं वेगळं ठेवा.

प्रश्न : झाकण लागतं का? ते वेगळ्या पैशानं मिळतंय.

उत्तर : पाणी तापवताना लागतं, गॅस वाचतो. उकळी आली की काढून ठेवायचं, सगळा तास उघडंच. माल्टमधनं गंधकाचा एक पदार्थ तयार होत असतो, डायमिथाइल सल्फाइड, तो वाफेबरोबर जायला पाहिजे, झाकण ठेवलं तर थेंब होऊन परत आत पडतो आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. त्यामुळं झाकणाला वेगळे पैसे घालू नका, घरातली मोठी परात चालते.

प्रश्न : काका, हे सगळं वाचून मलाही इथं कोल्हापुरात घरी करून बघावंसं वाटतंय. विकायची नाही, घरच्यापुरती. भांडं सुचवा. – रंकाळा परिसर

उत्तर : भांडं नाही सुचवणार, कारण इथं ते कायद्यात बसत नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. वर ज्यांना उत्तरं दिली ती भांडी परदेशात वापरायची आहेत. इंग्लंडात 1963 मध्ये घरच्या बिअरला लागणारा परवाना काढून टाकला, अमेरिकेत 1978 मध्ये केंद्राच्या कायद्यात बदल होऊन घरच्यापुरती मुभा मिळाली, तिथंही विकता येत नाही. त्यामुळं परदेशातल्या नातेवाईकांसाठी भांडं नेणाऱ्यांनीही तिथला नियम एकदा बघून घ्यावा, देशागणिक वेगळा असतो.

तुम्हाला माल्टची चवच बघायची असेल तर जव आणा, मोड आणा, नीट वाळवा, भरडून 65-68 अंशाच्या पाण्यात तासभर ठेवा आणि गाळून तसंच गरम प्या, यीस्ट नाही, आंबवणं नाही. रंग मधासारखा येतो आणि गोडी उसाच्या गोडीपेक्षा वेगळी, धान्याची असते. अर्धा किलो जवाला 3 लिटर पाणी आणि घरातलं 5 लिटरचं पातेलं. गाळून झालं की लगेच संपवा, उरलं तर फ्रीजमध्ये, बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आपोआप आंबायला लागतं.